तीन बुड्या कमी

शंभरच्या शंभर मेणबत्त्या शनिवारी सकाळी अकरा वाजता परत आल्या.

दादांच्या मुलानं टेम्पोतली खोकी उतरवून कारखान्याच्या दारातच ठेवली आणि बापाच्या तोंडाकडे न बघता तो म्हणाला, “बाबा, डुलतायत.”

“कोण डुलतंय?”

“मेणबत्त्या. चर्चच्या शमादानात उभ्याच राहत नाहीत. खोबणीत घातली की इकडून तिकडे कलते. घंटा वाजवणारे काका म्हणाले, या मेणबत्त्या आहेत की लग्नाहून परतलेले पाहुणे?”

दादा हसले नाहीत. दादा हसण्यातले नव्हतेच, आणि गेले दोन आठवडे तर त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मेणही लवकर घट्ट व्हायचं. बहीण त्यांना दादा म्हणायची, म्हणून बाहेरचेही म्हणत. चर्चच्या पंचांत ते वीस वर्षं पहिल्या खुर्चीवर बसत आले होते. उद्या चर्चच्या मंडळीला शंभर वर्षं पूर्ण होणार, उपासनेत शंभर मेणबत्त्या लागणार आणि त्या आपल्याच कारखान्यातून जाणार, हे त्यांनी वर्षभर आधीपासून सगळ्यांना ऐकवलं होतं. त्याच शमादानांत त्यांच्या वडिलांच्या हातच्या मेणबत्त्या उभ्या राहिल्या होत्या. त्यातली एकही कधी कलली नव्हती.

“शमादानं झिजली असतील.”

“शंभरही? बाबा, पितळ आहे ते. साबण नाही.”

“मग वात वाकडी.”

“वात सरळ आहे.”

“मग तू नीट बसवली नसशील!” दादांना शेवटी हक्काचं माणूस सापडलं. लग्नाला दोन वर्षं झाली तरी बापासमोर मुलाचं तळ्यात मळ्यात सुटलं नव्हतं.

त्याची बायको मात्र बोलण्याआधी मोजणारी होती. ती इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करायची आणि शनिवारी सुट्टी म्हणून कारखान्यात हातभार लावायची. तिनं पर्समधून मोजमापाची पट्टी काढली, फळीवरची गेल्या वर्षीची एक जुनी मेणबत्ती घेतली, खोक्यातली एक नवी घेतली आणि दोन्ही बुडांशी मोजल्या. मग दुसरी मोजली. तिसरी मोजली.

“बाबा, सगळ्या तीन मिलिमीटर बारीक आहेत. सगळ्या सारख्याच.”

“मेण जास्त तापलं असेल.”

“तापमान वहीत रोज लिहिलेलं आहे. तितकंच आहे.” ती थांबली. “बुड्या किती दिल्या?”

दादांनी मुलाकडे पाहिलं, मुलानं कढईकडे पाहिलं. कारण खरं सांगायचं तर गेल्या चाळीस वर्षांत या कारखान्यात कुणी बुड्या मोजलेल्याच नव्हत्या.

मोजायची गरजच पडली नव्हती. वाती बांधलेल्या दांड्या एका मोठ्या चौकटीला लावायच्या, कप्पीच्या दोरानं चौकट कढईतल्या मेणात सोडायची, वर उचलायची, थर निवेपर्यंत टांगती ठेवायची आणि पुन्हा सोडायची. किती वेळ टांगायची आणि किती वेळा सोडायची, हे सगळं आत्याच्या गाण्यात होतं. आत्या म्हणजे दादांची धाकटी बहीण; बाविसाव्या वर्षी तिनं वडिलांच्या खिशातल्या सतत बंद पडणाऱ्या घड्याळाला कंटाळून हे गाणं रचलं. आठ कडवी, संथ चाल. एका कडव्याला एक बुडी. गाणं तीनदा संपलं की मेणबत्ती झाली.

*बुड, बाई वाती, बुड एकदा,*
*अंगावर ऊब घे;*
*एका बुडीनं उजेड होत नाही,*
*प्रभू, धीर दे.*

हे पहिलं. गल्लीतल्या निम्म्या घरांत अंडं या गाण्याच्या तीन कडव्यांत उकडायचं. रडकं पोर पाचव्यापर्यंत झोपायचं, नाही झोपलं तर आई पुन्हा पहिल्यापासून धरायची. घंटा वाजवणारे काका दोन ठोक्यांमध्ये मनातल्या मनात एक ओळ म्हणायचे. आणि तरीही, गंमत बघा, चर्चमध्ये हे गाणं आजवर एकदाही म्हटलं गेलं नव्हतं. ते कामाचं गाणं होतं, अंगावर मेण सांडलेलं. शंभरीच्या उपासनेत ते पहिल्यांदा गायलं जाणार होतं, आणि तिथेच माशी शिंकली.

“आठ त्रिक चोवीस,” सून हळूच म्हणाली. “पण गेले दोन आठवडे आपण सातच कडवी म्हणतोय. सात त्रिक एकवीस.”

मुलानं कपाळावर हात मारला. “तीन बुड्या कमी!”

“आपण तालमीसाठी कारखान्यातही सातवं गाळून म्हणायला लागलो,” सून म्हणाली, “आणि मेणबत्त्याही तशाच झाल्या. बाबा, तुम्ही कडवं काढलंत ते मेणबत्तीतूनच काढलंत.”

तिला हसू फुटत होतं ते तिनं दाबलं. आजवर ती दादांच्या बाजूची होती. गाण्यावर कुठे कारखाने चालतात का, भिंतीवर एक घड्याळ लावा, असं ती लग्न होऊन आली तेव्हापासून सांगत होती, आणि ‘सून शिकलेली आहे’ म्हणून दादा तिचं कौतुक करत होते. तिनं पहिल्यांदाच सासऱ्यांना तोंडावर चूक दाखवली होती, तीही बेरीज-गुणाकाराची.

दादांनी हातातली बारीक मेणबत्ती खोक्यात टाकली आणि ते मागच्या खोलीकडे निघाले.

मागच्या खोलीत आत्या वाती वळत बसली होती. सुताचे तीन धागे, एक पेड, एक गाठ. शेजारी वहिनी, म्हणजे दादांची बायको, खोक्यांवरची लेबलं कापत होत्या. आत्यानं गाणं सोडलं त्याला आज पंधरा दिवस झाले होते. उपासनेत सातवं कडवं नको असं चर्चच्या नव्या पाळकांनी सांगितलंय, हे दादांकडून कळल्यावर “सातवं नाही तर एकही नाही,” असं म्हणून ती कढईपासून उठून इथे येऊन बसली होती, आणि तिच्या जागी दादांनी स्वतः गाणं सांगायला सुरुवात केली होती. दादांचा आवाज सगळ्या मंडळीला ठाऊक होता. देवानं त्यांना बळ दिलं, शिस्त दिली, सूर मात्र दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकला. मेण नासलं नाही हेच नशीब, असं आत्या वहिनींच्या कानात म्हणालीही होती.

दादा दारात उभे राहिले. “तुला ठाऊक होतं.”

“काय?”

“मेणबत्त्या बारीक होणार ते. मुद्दाम गप्प बसलीस. माझी नाचक्की व्हावी म्हणून.”

मागून आलेल्या सुनेनं दोन वाक्यांत हिशोब सांगितला. तीन धागे हातात तसेच धरून आत्या ऐकत राहिली. मग ती हसायला लागली. अशी हसली की तिला धागे खाली ठेवून डोळे पुसावे लागले.

“देवाशपथ सांगते, मला ठाऊक नव्हतं! अगं बाई! ठाऊक असतं तर दुसऱ्याच दिवशी ओरडून सांगितलं असतं. दादा, मला गप्प बसणं कधी जमलंय?”

“हसू नकोस.”

“का हसू नको? कवितेनं काय होतं, असं तू मला बाविसाव्या वर्षापासून विचारत आलास. आता बघ काय होतं. एक कडवं काढलंस तर शंभर मेणबत्त्या आडव्या झाल्या.”

“प्रश्न मेणबत्त्यांचा नाही.”

“मग कशाचा आहे, तेच तर मी पंधरा दिवस विचारतेय.”

दादांनी आवाज खाली आणला. हे लक्षण वाईट असायचं. “ते कडवं चर्चमध्ये म्हणण्यासारखं नाही. देवाशी असं बोलतात?”

“मग कुणाशी बोलू? भांडण ज्याच्याशी, दारात त्याच्याच जायचं ना? वधस्तंभावरून खुद्द प्रभूनं वर बघून ‘मला का सोडलंस’ असा जाब विचारला. त्याला म्हणालं का कुणी, असं बोलू नये म्हणून?”

“त्याची गोष्ट वेगळी.”

“वेगळी कशी? त्यालाही पंचांपुढेच उभं केलं होतं. ते पंच कोण होते ते शास्त्रात वाच जरा.”

वहिनींच्या हातातली कात्री थांबली. मुलगा दारातून अर्धा आत आला होता तो पुन्हा बाहेर गेला. दादांच्या मानेची शीर ताठ झाली, आणि आत्याला वाटलं, आपण एक पायरी जास्त उतरलो. पण माघार घ्यायची तिची इच्छा नव्हती. ती बासष्ट वर्षांची होती. तिनं लग्न केलं नव्हतं, तिच्या नावावर घर नव्हतं, तिचं म्हणावं असं जगात एवढंच होतं, बत्तीस ओळी. कुणी तिला कवयित्री म्हटलं की तिलाच हसू यायचं. तुंबलेल्या मोरीवरही तिनं चार ओळी रचल्या होत्या आणि मोरी उपसताना त्या म्हटल्याही होत्या. पण प्रार्थनेतली ठरलेली वाक्यं तिच्या जिभेवरून घसरून जायची, मनाला कुठे अडकायची नाहीत. स्वतः जुळवलेले शब्द अडकायचे. देवासमोर उभं राहायला तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं, म्हणून ती यातली एकही ओळ सोडायला तयार नव्हती.

“तिथे आधी दुसरं कडवं होतं,” दादा म्हणाले. “पाखरांचं काहीतरी. चांगलं होतं. ते घाल. आठ होतील, तुझं गाणंही राहील, माझ्या मेणबत्त्याही राहतील.”

“ते आता मलाही आठवत नाही.”

“आठव.”

“नाही, दादा. त्या दिवशी मी ते फाडलं. का फाडलं ते तुला माहीत आहे.”

सून एकीकडून दुसरीकडे बघत राहिली. कुठला दिवस, हे तिला या घरात कुणी सांगितलं नव्हतं. वहिनींनी कात्री खाली ठेवली, लेबलांचा गठ्ठा नीट केला, कात्री पुन्हा उचलली.

तेवढ्यात पुढच्या दारातून कुणीतरी हाक मारली. पाळक आले होते.

नवे पाळक वयानं दादांच्या मुलाएवढे, अंगानं वातीएवढे. मेणबत्त्या परत गेल्याचं घंटावाल्या काकांकडून कळलं म्हणून सायकल मारत आले होते. काय झालं ते मुलानं सांगितलं, आणि सांगताना त्याच्या तोंडून ‘तुम्ही ते कडवं काढायला लावलंत ना, त्यामुळे’ असं निघून गेलं.

पाळकांनी कपाळावरचा घाम पुसता पुसता हात थांबवला. “मी काढायला लावलं?”

“बाबा म्हणाले तसं.”

पाळकांनी दादांकडे पाहिलं. दादांनी कढईतल्या मेणाकडे पाहिलं. आत्या मागच्या खोलीतून उठून उंबऱ्यात आली, तिच्या मागे वहिनी.

“दादा,” पाळक म्हणाले, “मी काढा असं कधी म्हणालो?”

“तुम्ही म्हणालात, सातव्यात देवाला जाब विचारलाय.”

“म्हणालो. आणि पुढे विचारलं, हे कुणासाठी लिहिलंय? तुम्ही कागद माझ्या हातातून घेतलात आणि म्हणालात, ते कडवं जातंय, त्याची चर्चा नको. मला वाटलं, घरातलं काही दुखणं असेल. मी नवा माणूस, गप्प बसलो. तेवढी चूक माझीही आहे.” ते जरा थांबले. “पण खरं सांगू? त्याशिवाय मला शेवटचं कडवं कळतच नाही. ‘नाही मिळालं उत्तर’ असं त्यात आहे. प्रश्नच काढून टाकला तर उत्तर कशाचं?”

आत्यानं भावाकडे पाहिलं. दोन आठवडे ती पाळकांवर रागावली होती, त्यांच्यासाठी मनातल्या मनात चार झणझणीत ओळीही जुळवून ठेवल्या होत्या. त्या फुकट गेल्या. “म्हणजे पाळकांच्या नावावर तू बिल फाडलंस,” ती म्हणाली. “दादा, खोटं? तू?”

या घरात दादांना आजवर कुणी खोटं बोलताना पकडलं नव्हतं. कारखान्याला आग लागली त्या वर्षीही नाही, वडिलांच्या आजारपणातही नाही. ते मोठ्यानं ओरडतील असं सगळ्यांना वाटलं. ते म्हणाले, “तीन बुड्या द्यायच्या आहेत. संध्याकाळच्या आत चर्चमध्ये मेणबत्त्या पोचल्या पाहिजेत. बाकीचं नंतर.”

आणि ते कामाला लागले. अडचण आली की कामाला लागायचं, ही त्यांची रीत होती. सगळ्यांना कामाला लावायचं, ही तिची दुसरी बाजू.

दुपार कामात गेली. वातींची टोकं दांड्यांना पुन्हा बांधायची होती, दांडीला दहा अशा दहा दांड्या. गार मेणबत्तीवर गरम मेण नीट धरत नाही, म्हणून चौकट आधी भट्टीजवळ टांगून उबेला आणावी लागली. पाळकही बाह्या वर करून गाठी मारत बसले. त्यांच्या गाठी सुटत होत्या, आणि आत्या न बोलता त्या पुन्हा मारत होती.

चारच्या सुमाराला मेण तयार झालं. चौकट कढईवर आली. दादांनी कप्पीचा दोर हातात घेतला आणि सुनेकडे वळून म्हणाले, “तुझं घड्याळ लाव. एका बुडीमागे किती वेळ ते तुला माहीत आहे. तीन बुड्या, मोजून.”

यात चूक काहीच नव्हतं. ती दोन वर्षं हेच मागत होती. तिनं मनगटाकडे पाहिलं, मग आत्याकडे, मग सासूकडे. सासूचा चेहरा तिनं असा कधी पाहिला नव्हता.

“आज घड्याळ नको, बाबा.”

“तूच म्हणायचीस ना!”

“म्हणायचे. उद्यापासून पुन्हा म्हणेन. आज या तीन बुड्या ज्या कडव्याच्या आहेत ते म्हणूनच देऊया.” तिनं घड्याळ काढलं आणि खिशात टाकलं. तिच्या नवऱ्यानं आधी तिच्याकडे, मग बापाकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो तळ्यातून बाहेर पडला. “बाबा, ती बरोबर बोलतेय.”

दादांनी बहिणीकडे पाहिलं. “म्हण मग. हेच हवं होतं ना तुला? जिंकलीस. म्हण.”

“मी नाही म्हणणार,” आत्या म्हणाली. “मी लिहिलं. माझं काम झालं. ज्याला ते हवंय त्यानं म्हणावं.”

दोर दादांच्या हातात होता, चौकट अधांतरी होती, मेणाला सुरकुती धरायला लागली होती. तेव्हा वहिनी पुढे आल्या.

वहिनी या घरात चौतीस वर्षं होत्या, आणि घरातल्या भांडणात त्यांची बाजू कोणती हे अजून कुणाला ठरवता आलेलं नव्हतं. त्या कुणाची बाजू घेत नसत. पाणी आणून देत. त्यांना एक मुलगी होती. हा मुलगा तेव्हा रांगतही नव्हता. मुलगी याच कढईजवळ बसायची, गळलेलं मेण गोळा करून त्याच्या गोळ्या वळायची आणि प्रत्येक गोळीवर अंगठ्याचा ठसा उठवायची. एका आठवड्याच्या तापात ती गेली, त्याला चोवीस वर्षं झाली. दफन करून आले तेव्हा दादा म्हणाले, आता घरात तिचं नाव नको. नवऱ्याला सोसवत नाही हे वहिनींना दिसत होतं, म्हणून त्यांनी नाव घेतलं नाही. पुढे सवय झाली, आणि सवयीचा नियम झाला. दुसऱ्या दिवशी कढईजवळ गाणं सुरू झालं तेव्हा सातव्या जागी पाखरं नव्हती, हे नवं कडवं होतं. त्या दिवसापासून सातवं आलं की दादा दोर दुसऱ्या कुणाच्या तरी हातात देऊन भट्टीत कोळसा घालायला जायचे. वहिनी जागच्या हलायच्या नाहीत. चोवीस वर्षं रोज त्यांनी ते कडवं ओठ मिटून म्हटलं होतं. लेकीबद्दल बोलायची त्यांना तेवढीच परवानगी होती, आणि पंधरा दिवसांपूर्वी नवऱ्यानं तीही काढून घेतली होती.

“अहो,” वहिनी म्हणाल्या, “दोर धरा.”

“कोळसा कमी...”

“कोळसा भरपूर आहे. मी मघाशी घातलाय. दोर धरा, आणि आज कुठे जायचं नाही.”

दादांनी दोर सोडला. शंभर मेणबत्त्या मेणात गेल्या, आणि वहिनींनी तोंड उघडलं.

*एवढं थोरलं तुझं आभाळ,*
*दिव्यांचा नाही तोटा;*
*इवली ज्योत विझवायाला*
*हात लागला मोठा?*

त्यांचा आवाज कुणी नीट ऐकलेलाच नव्हता. गोड नव्हता तो, जाडाभरडा होता, पण दमदार होता. “उचला,” त्या म्हणाल्या. दादांनी दोर ओढला. थर निवेपर्यंत कुणी हललं नाही. पाळकांनी मान खाली घातली होती. वहिनींनी वर पाहिलं, छतातल्या काजळीकडे किंवा त्याच्याही पलीकडे, आणि दुसऱ्यांदा म्हटलं. या वेळी ‘मोठा’वर त्या थांबल्या, कुणी उत्तर देतंय का याची वाट बघावी तशा. तिसऱ्यांदा म्हणताना त्यांचे डोळे वाहत होते आणि आवाज मात्र कापत नव्हता. रागानं तो वर वर चढत होता. सुनेला आता कुणी काही सांगायची गरज उरली नव्हती. तिनं सासूचा हात धरला.

“झालं,” वहिनी म्हणाल्या. “चोवीस. ती आज असती तर तिशीची झाली असती.”

त्यांनी लेकीचं नाव घेतलं. मोठ्यानं, सगळ्यांसमोर. कारखान्यात ते नाव चोवीस वर्षांनी ऐकू आलं.

दादांच्या हातातला दोर ताठ होता. मुलानं तो हळूच स्वतःकडे घेतला. दादा म्हणाले, “उद्याच्या पत्रकावर ते कडवं नाहीये. पत्रकं छापून झाली.” आणि ते बाहेर निघून गेले. हे ते कडवट म्हणाले की नुसतं सांगितलं, ते कुणालाच कळलं नाही.

“पत्रक कुणाला लागतंय,” वहिनी बंद दाराला म्हणाल्या.

संध्याकाळी मुलानं मेणबत्त्यांची बुडं कापून सारखी केली, सुनेनं दर दहांतली एक मोजली, आणि टेम्पो पुन्हा चर्चकडे गेला. या खेपेला घंटावाल्या काकांना विनोद सुचला नाही. मेणबत्ती खोबणीत गच्च बसत होती, काढायला जोर लावावा लागत होता.

रविवारी चर्च दारापर्यंत भरलं होतं. आत्या मुद्दाम मागच्या बाकावर बसली. पुढे गायकांत सगळे कारखान्यातलेच लोक, कढईचे, वातींचे, भट्टीचे, हातात सात कडव्यांचं पत्रक. पाळक गाण्याआधी एवढंच म्हणाले, “हे गाणं या मंडळीत चाळीस वर्षं आहे. आत यायला त्याला जरा उशीर झाला.” वहिनी उठणार, हे आत्याला माहीत होतं. पहिल्या बाकावर, दादांच्या शेजारी, त्या पत्रक मिटून बसल्या होत्या. चारशे माणसांत त्या एकट्या उभ्या राहणार आणि पंचांचा प्रमुख असलेला त्यांचा नवरा त्यांच्यापासून कोटाच्या बाहीएवढ्या अंतरावर बसून राहणार. हे आपल्या बत्तीस ओळींनी केलं. आत्याला क्षणभर वाटलं, पाखरांचं कडवं आठवायला हवं होतं.

पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. लोकांना पत्रक लागत नव्हतं; अंडी उकडताना पाठ झालेलं गाणं ते. सहावं संपलं. ऑर्गनवाल्यानं पत्रकाप्रमाणे शेवटच्या कडव्याचा सूर धरला.

आणि पहिल्या बाकावरून कुणीतरी मोठ्यानं, साफ बेसूर, सातवं सुरू केलं.

*एवढं थोरलं तुझं आभाळ...*

हा आवाज मंडळीत कुणी ओळखला नाही असं झालंच नसतं. दादा उभे होते. मूठ वळलेली, मान वर, चेहरा लालबुंद. ते गात नव्हतेच, भांडत होते. चोवीस वर्षं भट्टीत कोळशाबरोबर ढकललेला प्रश्न त्यांनी आता भर उपासनेत, पंचांच्या पहिल्या खुर्चीच्या माणसानं विचारावा तसा, मालकाला विचारला. ऑर्गन चाचपडला आणि थांबला. गायकांत दोघीतिघी रडायला लागल्या. वहिनी उठल्या. नवऱ्याकडे न बघता त्या दुसऱ्या ओळीला येऊन मिळाल्या, आणि तिसऱ्या ओळीला मुलगा, सून, घंटावाले काका, सगळे. एकदा म्हणून झाल्यावर दादा थांबले नाहीत. त्यांनी ते पुन्हा म्हटलं, आणि तिसऱ्यांदाही म्हटलं. तीन बुड्या पूर्ण केल्या.

मागच्या बाकावर आत्यानं तोंडावर पदर धरला होता. तिच्या ओळी होत्या त्या, आणि तिच्या राहिल्या नव्हत्या. तिला त्याचं काही वाटलं नाही.

मग सगळ्यांनी मिळून शेवटचं म्हटलं.

*नाही मिळालं उत्तर तरीही*
*वात उभीच राहते;*
*तुझ्याच घरात, तुझ्यासमोर,*
*तुझीच वाट पाहते.*

पाळकांनी हात केला, लोक बसले. बाकं करकरली, कुणी खोकलं, पोरं कुजबुजली. दादा उभेच राहिले. वहिनींनी त्यांना खाली बसायची खूण केली नाही. त्याही त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. पाळकांनी दोघांकडे एकदा पाहिलं आणि त्यांना तसंच उभं राहू देऊन उपदेशाला सुरुवात केली.